यूव्ही फिल्टर: नुसत्या निळ्या उजेडावर विसंबू नका

आमच्याकडे बोअरचं पाणी. वर्षभरात यूव्ही फिल्टरमधल्या, अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणाऱ्या दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या (खास काचेच्या) नळीवर क्षारांचा पांढरा थर बसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. थर बसला की किरण पाण्यापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईतच मी हे काम उरकते. आधी प्लग काढायचा, पाणी बंद करायचं. दिवा सुती फडक्यात धरून अलगद ओढायचा. बोटांचा तेलकटपणा काचेला लागू द्यायचा नाही. नळी अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून मऊ कापडाने पुसायची. घासणी अजिबात नको, ओरखडे पडतात. रबरी रिंग चिरली असेल तर तेव्हाच बदला.

दिवा साधारण ९,००० तासांचा, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभराचा. नंतरही उजेड दिसतो, पण जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण क्षीण झालेले असतात. मी बदलल्याची तारीख यंत्रावरच मार्करने लिहिते. उघडा दिवा लावून बघू नका, डोळ्यांना इजा होते.

पावसाळ्यात गाळाचा फिल्टर दर आठवड्याला बघा. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड वाचतात.