गोव्यातल्या धर्मांतरावर लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकाचे लेख तपासायला बसले की गोव्यातल्या धर्मांतरावरचे दोन-तीन तरी हाती येतात. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी असते. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळ्यात छळते ती नकाशाची चूक. एकाने लिहिलं होतं, १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांनी फोंड्याच्या देवळांना हात लावायची हिंमत केली नाही. फोन केला तर म्हणाला, "गोवा म्हणजे गोवाच ना, ताई?" नाही! तेव्हा त्यांच्याकडे होते तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी. फोंडा आदिलशाहीत होता, तो त्यांच्या हाती लागला अठराव्या शतकात. म्हणून तर सासष्टीतल्या कुठ्ठाळीचा मंगेश फोंड्यातल्या प्रियोळला गेला नि केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला. त्याला म्हटलं, कुठ्ठाळीला जाऊन जुवारीच्या काठावर उभा राहा. समोर दिसते ती आगशी, तीही पोर्तुगीजांचीच. सुरक्षित भूमी नदीच्या आणखी वरच्या अंगाला, अंत्रुजात, म्हणजे फोंड्यात. तिथून परतल्यावर त्याने अख्खा लेख नव्याने लिहिला. जुन्या आणि नव्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी आणि नंतर जिंकलेल्या मुलखांचा नकाशा मी टेबलावरच ठेवते, गावाचं नाव आलं की आधी त्यावर बोट.

दुसरी चूक इन्क्विझिशनची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाची. ते गोव्यात आलं १५६० मध्ये, जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर वारला १५५२ मध्ये. म्हणजे त्याने ते चालवलं नाही. पण १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्याची मागणी त्यानेच केली होती, म्हणून त्याला मोकळंही सोडता येत नाही. शिवाय या न्यायालयाचा रोख मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर. १७३६ च्या हुकुमाने अंगणातली तुळस, इतकंच काय, बिनमिठाचा भातही हिंदू रीत म्हणून गुन्हा ठरवला. बाप्तिस्म्यासाठीचा रेटा दुसरीकडून आला: बाप वारलेली मुलं ताब्यात घेणारे हुकूम, सणांवर बंदी, नोकरीचं आमिष. सगळं 'तलवारीच्या जोरावर बाटवलं' या एका वाक्यात कोंबलं की ही मुलं लेखातून गायब होतात, आणि त्याचा मला खरोखर राग येतो.

इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण कोकणीत नाही, मराठीत आहे. १६१६ मध्ये ते छापलं गेलं रोमन लिपीत.

फर्नांडिस आडनावावरून पूर्वज पोर्तुगीज ठरवू नका.

बाप्तिस्म्याने जात पुसली गेली, असंही नाही. गोव्यातल्या ख्रिश्चनांमध्ये बामण, चार्डो, सुदीर हे जातभेद टिकलेच.

आणि आकडे. इन्क्विझिशनचे बहुतेक कागद जाळले गेले. तरी फॉरवर्डमधला आकडा उचलून आठवड्यात लेख पाठवणारे भेटतातच. आकडा कुठून घेतला ते सांगितलं नसेल, तर मी लेख परत पाठवते, मग दिवाळी कितीही जवळ आलेली असो.