पहिल्या तासाला कोरी फाइल नको

शिबिरात मुलांना वेब डिझाइन शिकवताना टॅगांची, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणांची, यादी पाठ करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. रोजच्या बघण्यातलं एखादं पान क्रोममध्ये उघडा, मथळ्यावर राइट क्लिक करा, मग ‘इन्स्पेक्ट’. कोडमधल्या मथळ्यावर डबल क्लिक करून तिथे प्रत्येकाला आपलं नाव टाकू द्या. एकच कल्ला होतो, होऊ द्या. आता पान रिफ्रेश करायला लावा. नाव गायब! मूळ पान सर्व्हरवर, म्हणजे ते जिथून येतं त्या संगणकावर, जसंच्या तसं आहे, आपण बदलली ती फक्त ब्राउझरमधली प्रत, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसतं.

त्यानंतर नोटपॅड: त्यात मुलांना स्वतःचं पान लिहून ‘एचटीएमएल’ फाइल म्हणून सेव्ह करू द्या. विंडोजमध्ये फाइलनावांची एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) मात्र आधी दिसती करून ठेवा, नाहीतर ‘एचटीएमएल’मागे गुपचूप ‘टीएक्सटी’ चिकटतं आणि पानाऐवजी नुसता कोडच दिसतो.