भ्रूणाची जनुकीय तपासणी करावी का? निर्णयापूर्वीची तयारी

आयव्हीएफचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांसमोर हा प्रश्न बहुधा अवेळी उभा राहतो. स्त्रीबीजे काढून झालेली असतात, भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढल्याचा फोन प्रयोगशाळेतून येतो आणि त्याच फोनवर ‘पीजीटी, म्हणजे भ्रूणाची जनुकीय तपासणी, करायची का?’ असे विचारले जाते. त्या घटकेला शांतपणे विचार करण्याइतका वेळ नसतो आणि मनःस्थितीही नसते. म्हणून या तपासणीविषयीचे बोलणे इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी व्हावे आणि त्या भेटीला पती-पत्नी दोघांनीही जावे.

त्या भेटीत सर्वप्रथम आपल्याला कोणती पीजीटी सुचवली जात आहे हे विचारून घ्यावे, कारण एकाच नावाखाली तीन वेगळ्या तपासण्या येतात. घराण्यात ठाऊक असलेला एखादा विशिष्ट आजार भ्रूणात उतरला आहे का, हे पीजीटी-एम सांगते. पती किंवा पत्नीच्या गुणसूत्रांच्या रचनेत अदलाबदल असेल, तर पीजीटी-एसआर करतात. वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्याने भ्रूणांकडे वळण्याआधी स्वतःची कॅरिओटाइप ही गुणसूत्रे पाहणारी रक्ततपासणी करून घ्यावी, ती याच कारणासाठी. तिसरी पीजीटी-ए, म्हणजे भ्रूणात गुणसूत्रांची संख्या बरोबर आहे का याची चाळणी. मतभेद आहेत ते मुख्यतः या तिसरीविषयी.

पीजीटी-एमचा निर्णय तुलनेने स्पष्ट असतो. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे थॅलेसेमिया मायनर, असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्याची शक्यता चारात एक इतकी असते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत थॅलेसेमियाचे, तर विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक बरेच आढळतात. अशा जोडप्यासाठी भ्रूण तपासण्याआधी कुटुंबाचे रक्त तपासावे लागते. दोघांमधील नेमके उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला दोष, शोधतात आणि आजारी मूल असल्यास त्याचे, नसल्यास बहुधा आजी-आजोबांचे नमुने घेऊन भ्रूणासाठीची चाचणी बेतली जाते. याला काही आठवडे लागतात, त्यामुळे ही तयारी पूर्ण होईपर्यंत उपचारचक्र सुरू करण्याची घाई करू नये. वाहक भ्रूण, म्हणजे आईवडिलांसारखाच मायनर, वापरण्यास हरकत नसते. पण हे आधी समजावून सांगितलेले नसेल, तर अहवालातील ‘वाहक’ हा शब्द वाचूनच माणूस हबकतो. जे जोडपे नैसर्गिकरीत्या गर्भ धारण करू शकते, त्याच्यापुढे आयव्हीएफ टाळून गर्भारपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी करण्याचा मार्गही असतो. मात्र तिथे अहवाल प्रतिकूल आल्यास गर्भपाताचा प्रश्न सामोरा येतो आणि त्याचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते.

पीजीटी-एच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: ही तपासणी भ्रूण सुधारत नाही, हाती असलेल्यांतून निवड करते, इतकेच. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे सरकते तसे गुणसूत्रांची संख्या बिघडलेल्या भ्रूणांचे प्रमाण वाढत जाते आणि बेचाळिशीच्या सुमारास ते सुमारे तीन चतुर्थांशावर पोहोचते. चाळणीमुळे असे भ्रूण गर्भाशयात सोडण्याचे आणि त्यानंतरच्या गर्भपाताचे काही प्रसंग टळू शकतात. पण बाळ घरी येण्याची एकूण शक्यता वाढते का? चीनमध्ये 1,212 स्त्रियांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वय 20 ते 37 आणि किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट (पाचव्या दिवसाच्या सुमारास वाढलेले भ्रूण) अशा स्त्रियांमध्ये, तपासणी केलेल्या गटात 77.2 टक्के, तर न केलेल्या गटात 81.8 टक्के स्त्रियांना मूल झाले. गर्भ गमावण्याचे प्रमाण मात्र तपासणीच्या गटात कमी, 8.7 विरुद्ध 12.6 टक्के, होते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टार’ चाचणीतही एकूण फरक दिसला नाही. तिच्यात 35 ते 40 या वयोगटात सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे फायदा दिसला, पण चाचणीत सहभागी झालेल्या सगळ्या स्त्रियांचा हिशेब धरताच तो फरक ठळक राहिला नाही. रुग्णालय यशाची टक्केवारी सांगते तेव्हा ‘किती स्त्रियांपैकी?’ हा प्रश्न म्हणूनच विचारावा. ज्यांच्याकडे सोडण्याजोगा भ्रूणच उरला नाही, त्या स्त्रिया त्या आकड्यात मोजलेल्या आहेत का, हे कळल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही.

यानंतर स्वतःचा हिशेब कागदावर मांडावा. उदाहरणादाखल, बारा स्त्रीबीजे मिळाली तर नऊ परिपक्व निघतात, सहा-सात फलित होतात आणि दोन-तीनच ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचतात. हाती पाच-सहा ब्लास्टोसिस्ट असताना कोणता आधी सोडायचा हे ठरवण्यास तपासणी उपयोगी पडू शकते. एकच असेल, तर निवडण्यासारखे काही उरत नाही आणि बायोप्सी (तपासणीसाठी भ्रूणाच्या काही पेशी काढणे), गोठवणे, पुन्हा वितळवणे यांतली जोखीम तेवढी पदरात पडते. तरीही वय जास्त असलेली, गर्भपाताचे दुःख पुन्हा सोसवणार नाही असे म्हणणारी स्त्री एका भ्रूणासाठीही तपासणी निवडू शकते आणि माझ्या मते तिच्या या कारणाचा आदर व्हायला हवा.

अहवाल हाती येण्यापूर्वी मोझॅइक निकालाविषयी बोलून ठेवावे. बायोप्सीत ज्या पाच-दहा पेशी घेतात त्या पुढे वार होणाऱ्या बाहेरच्या थरातल्या असतात. त्यात काही पेशी बरोबर व काही बिघडलेल्या आढळल्या, तर भ्रूणाला मोझॅइक म्हणतात. इटलीतील डॉक्टरांनी 2015 मध्ये असे 18 भ्रूण सोडल्यावर सहा निरोगी बाळे जन्मल्याचे नोंदवले, आणि त्यानंतर असे भ्रूण सरसकट टाकून देणे योग्य नाही हा विचार रुजत गेला. आपले रुग्णालय मोझॅइक भ्रूण सोडते का, अहवालात त्याची वेगळी नोंद करते की त्याला थेट ‘असामान्य’ ठरवते, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे. निकाल अनिर्णीत आल्यास पुन्हा बायोप्सी होणार का आणि तिचे पैसे कोण देणार, हेही त्याच वेळी विचारावे. दर प्रत्येक भ्रूणामागे आहे की ठराविक संख्येमागे, हा प्रश्न लेखी विचारलेला बरा.

या तपासणीत लिंग कळू शकते, पण भारतात ते सांगणे हा पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि सहायक प्रजननाविषयीच्या 2021 च्या कायद्यानेही लिंगनिवडीला मनाई केली आहे. ‘एवढे पैसे मोजतोच आहोत, तर मुलगा आहे का तेही बघा’ असे घरातले कोणी म्हणाले, तर तो विषय पतीनेच तिथल्या तिथे थांबवावा. ते ओझे उपचार घेणाऱ्या स्त्रीवर टाकू नये. संमतिपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि सहीनंतर प्रत मागून घ्यावी.

गर्भ राहिल्यावरही काम संपत नाही. पीजीटी-एम केलेल्या जोडप्यांना वारेच्या पेशींची किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी करून निकालाची खातरजमा करण्याचा सल्ला देतात, कारण मूठभर पेशींच्या चाचणीत चुकीची शक्यता थोडी का होईना उरतेच. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी अशी तपासणी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत होत आलेली आहे. त्या वेळी दोघांच्या उत्परिवर्तनाचा मूळ अहवाल सोबत न्यावा, कारण नेमके काय शोधायचे हे प्रयोगशाळेला त्यावरूनच कळते.