क्लावेवर अंदालुसियन सुरावट बसवताना

आधी क्लावे (क्यूबन संगीताचा आधार असलेला पाच टाळ्यांचा ठेका), सूर नंतर. सोळा अंक सलग मोजा आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी द्या. ही 3-2 सोन क्लावे: पहिल्या आठ अंकांत तीन टाळ्या, पुढच्या आठांत दोन. सोन ही क्यूबन संगीतशैली. मेट्रोनोम 80 वर, दर चार अंकांना एक ठोका.

पियानोवर ए मायनर, जी, एफ, ई ही अंदालुसियन (दक्षिण स्पेनच्या ढंगाची) उतरंड घ्या, प्रत्येक कॉर्डला आठ अंक. ईमधला जी शार्प सोडू नका, स्पॅनिश रंग त्यातच आहे.

खरा घोळ बासवर होतो. पहिला अंक मोकळा सोडा. 4, 7, 12, 15 वर वाजवा. त्यातही 7 आणि 15 वर पुढच्या कॉर्डचा मूळ स्वर आधीच येऊ द्या. सवयीने 1 वर स्वर पडला की सगळी ओढच जाते. कहोन (लाकडी पेटीसारखं तालवाद्य) हळू आवाजात, क्लावे झाकू नये.