पॅनल निवडून आलं? मग या चुका टाळा

गुलालाचे कपडे धुवून वाळत पडायच्या आत दारात माणूस उभा राहतो. "भाऊ, पानी कव्हय येई?" पंधरा वर्षं हाच प्रश्न आम्ही ग्रामसभेत ओरडून विचारत होतो. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात आमचं पॅनल आलं, मी उपसरपंच झालो, आणि उत्तर द्यायची पाळी आमच्यावर आली. त्या पाच वर्षांतल्या चुका लिहितोय, बहुतेक माझ्याच.

वॉलमनला घरी बसवणे

सगळ्यांत महाग पडलेली चूक. वॉलमन म्हणजे गावाच्या पाइपलाइनचे वॉल (व्हॉल्व्ह) उघडबंद करणारा माणूस. जुन्या सरपंचांचा, म्हणजे आबांचा, माणूस म्हणून पहिल्याच मासिक सभेत त्याला काढला. कोणत्या गल्लीचा वॉल किती फेरे उघडायचा, पाइप कुठे गटारीखालून जातो, सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. आम्ही ठेवलेल्या नव्या पोराने वॉल फिरवला तर खालच्या गल्लीत पाणी रस्त्याने वाहिलं आणि वरल्या गल्लीत नऊ दिवस थेंब नाही. शेवटी मीच रात्री आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी चहा पाजला, पण तासभर त्या विषयावर बोलू दिलं नाही.

तुमच्याकडून असं झालं असेल तर लाज सोडा आणि माणूस परत बोलवा. नव्या पोराला सहा महिने त्याच्यामागे फिरवा आणि लाइनचा नकाशा काढून दप्तरात लावा.

दप्तर न बघता चार्ज घेणे

रोकडवही आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून जुळवा. मग नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही, काढून थकबाकी कुणाकडे किती, ते बघा. न दिलेल्या बिलांची वेगळी यादी करा. आम्ही घोटाळा शोधायला बसलो होतो. हाती लागलं ते पाण्याच्या पंपाचं थकलेलं वीजबिल. घोटाळ्याची चौकशी लावता येते, वीजबिल मात्र भरावंच लागतं.

ते भरायचं कशातून? प्रचारात आम्हीच सांगितलं होतं, पाणीपट्टी भरू नका. लोकांनी ऐकलं! निवडून आल्यावर तेच तोंड घेऊन वसुलीला जाणं फार अवघड. आधी स्वतःच्या सदस्यांची पट्टी भरून घ्या. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली सदस्यत्व जाऊ शकतं, आणि हरलेले लोक ही तारीख बरोबर मोजत असतात. आपणही मोजायचोच की.

निधी आपला समजणे

केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 2021 नंतर 60 टक्के पैसा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. आम्ही गावाला कमान कबूल करून बसलो होतो. आराखडा वाचल्याशिवाय नारळ फोडू नका.

ठेका भावाला, मेहुण्याला देऊ नका. यावर जास्त काय लिहायचं?

बहुमतावर झोपणे

2018 मध्ये जळगाव महापालिकेत भाजपने 75 पैकी 57 जागा जिंकून जुन्या सत्ताधाऱ्यांना घरी बसवलं. मार्च 2021 मध्ये त्यांचेच नगरसेवक फुटले आणि महापौरपद 45 विरुद्ध 30 मतांनी शिवसेनेकडे गेलं. विरोधात असताना माणसं रागाने एकत्र राहतात. सत्ता आली की प्रत्येकाला आपल्या वॉर्डातली गटार आधी हवी असते.

आमचे तर नऊपैकी पाचच होते. एक जण रुसला की सभा अडायची, आणि दर महिन्याला वेगळा रुसायचा. मग सभेच्या आदल्या संध्याकाळी अजेंडा सगळ्यांसमोर वाचायला सुरुवात केली. कुणाचं काम या महिन्यात, कुणाचं पुढच्या, ते तिथेच ठरायचं. भरताच्या दिवसांत ही बैठक शेतात व्हायची. वांगी भाजली जात असताना समोरच्या चौघांपैकीही दोघं येऊन बसायचे.