सॅम्पल घ्यायला शिकताना: जांभळ्या ट्यूबपासून सावध

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून इंदूरच्या एखाद्या लॅबमध्ये किंवा एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या कलेक्शन रूममध्ये उभं राहिलेल्या नव्या मुलामुलींचा जीव एकाच गोष्टीवर टांगलेला असतो: शीर सापडेल ना? सापडते. दोन-तीन महिन्यांत बोटांना ओळख पटते आणि ती भीती जाते. ज्या चुकीने रुग्णाचं खरं नुकसान होतं, तिचा मात्र आवाज होत नाही, तिथे रक्त सांडत नाही आणि रुग्ण ओरडतही नाही. या लेखाचा मोठा भाग त्या चुकीवर, म्हणजे एका ट्यूबमधलं द्रव्य दुसरीत मिसळण्यावर आहे.

आधी शिरेचं थोडक्यात. शीर फुगवायचा पट्टा कोपराच्या घडीच्या चार बोटं वर, साधारण ७.५ ते १० सेंटीमीटर, आणि एका मिनिटाच्या आत सैल. मूठ एकदा वळवून धरायला सांगा. सारखी उघडझाप करायला लावू नका, त्याने पोटॅशियम वाढतं. शीर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा तर्जनीने शोधा: दाबल्यावर उसळून येते ती शीर, दोरीसारखी कडक लागते तो स्नायूबंध, ठोका लागतो ती धमनी. मधली शीर पहिली, अंगठ्याच्या बाजूची दुसरी. करंगळीच्या बाजूची सगळ्यात शेवटी, कारण तिच्या खालीच धमनी आणि मोठी नस असते. स्पिरिट लावल्यावर ३० सेकंद वाळू द्या, फुंकर मारू नका, पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावू नका. २१ नंबरची सुई, तिचं तिरकं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश. बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली असं रुग्ण म्हणाला तर सुई त्याच क्षणी बाहेर काढा. ज्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय तो हात, डायलिसिसच्या फिस्टुलाचा (शीर-धमनी जोडलेला) हात आणि सलाइन चालू असलेला हात सोडायचा. दोन प्रयत्न फसले की तिसरा दुसऱ्याने करायचा. यात कमीपणा नाही.

आता जे दोनदा वाचायचं ते. जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ट्यूबमध्ये ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला) हेच हवं असतं. पण ते थोडंसं जरी सीरमच्या (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवाच्या) लाल किंवा पिवळ्या ट्यूबमध्ये गेलं, तरी तिथे एकाच वेळी तीन गोष्टी होतात: पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं उतरतं, आणि अल्कलाइन फॉस्फटेजही उतरतं, कारण त्या एन्झाइमला लागणारं जस्त आणि मॅग्नेशियम ईडीटीए ओढून घेतं.

हे होतं कसं, ते जवळून बघा. सत्तरीच्या आजी आहेत, शीर बारीक, सिरींजमध्ये जेमतेम चार मिली आलं. घाईत आधी जांभळी भरली, तिच्यात जरा जास्त गेलं. पिवळीत एकच मिली उरलं. पुन्हा टोचायचं जिवावर येतं, आजीही वैतागल्यात. मग जांभळीचं झाकण उघडून थोडं पिवळीत ओतलं जातं. पाच सेकंदांचं काम आणि कोणी पाहिलेलंही नाही. दुपारी रिपोर्टमध्ये पोटॅशियम ८ च्या पुढे आणि कॅल्शियम ५ च्या आसपास. पोटॅशियमची नेहमीची मर्यादा ३.५ ते ५.१. डॉक्टरांनी आकड्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन-ग्लुकोज चालू केलं, तर आजींचं खरं पोटॅशियम, जे मुळात ठीक होतं, ते खाली घसरायला लागतं.

त्याहून वाईट म्हणजे अगदी थोडी भेसळ. खरं पोटॅशियम २.८ आहे, उलट्या-जुलाबांनी माणूस गळून गेलाय, आणि रिपोर्टमध्ये ४.१ आलं. सगळं नॉर्मल दिसतं, कोणाला शंका येत नाही, रुग्णाला औषध मिळत नाही. आठचा आकडा निदान कोणालातरी फोन उचलायला लावतो.

हिमोलिसिस झाला, म्हणजे लाल पेशी फुटल्या, तर सीरम गुलाबी दिसतं आणि मशीनही त्याची खूण देतं. ईडीटीएची भेसळ झालेलं सीरम स्वच्छ पिवळं दिसतं, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली अशी जोडी दिसली की आधी ट्यूब कशी भरली ते विचारा.

ओतणं हा एकच रस्ता नाही. सिरींजची सुई जांभळीतल्या रक्ताला टेकली आणि तीच पुढे पिवळीत गेली, तरी भेसळ होते. दोन ट्यूबची झाकणं एकदम काढून अदलाबदल झाली, तरी होते. व्हॅक्युटेनरने (रक्त आपोआप ओढणाऱ्या ट्यूबने) घेताना रुग्णाचा हात वर आणि ट्यूब आडवी असेल, तर ट्यूबमधलं द्रव्य सुईकडे परत येऊ शकतं. म्हणून हात खाली उतरता ठेवा आणि ट्यूब बुडाकडून भरू द्या.

क्रम असा: ब्लड कल्चर, मग निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी, शेवटी ग्रे. ग्रे ट्यूबमध्ये फ्लोराइडबरोबर बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट किंवा ईडीटीए असतं, म्हणून तिची जागा शेवटची. पाठ करायला कठीण वाटलं तर ट्रेमध्ये ट्यूब याच क्रमाने डावीकडून उजवीकडे लावूनच रुग्णाला आत बोलवा. हे शिकवणारा सीनियर भेटला तर त्याचा हात सोडू नका. दिवसाला किती प्रिक झाले ते मोजणाऱ्या सीनियरकडून वेग शिकाल, पण कमी पडलं तर ओतायचं हेही तिथेच शिकाल. माझं स्पष्ट मत आहे की नवख्याचा सगळ्यात चांगला गुरू मशीनवर बसणारा टेक्निशियन असतो. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन रिजेक्ट झालेल्या सॅम्पलचं रजिस्टर वाचा. व्हिडिओ बघून एवढं कळणार नाही.

निळीचं प्रमाण नऊला एक: २.७ मिली रक्त, ०.३ मिली सायट्रेट. खुणेपर्यंत भरली नाही तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायचा वेळ) खोटं लांबतं. बटरफ्लायने (बारीक नळी जोडलेल्या सुईने) घेताना नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते, म्हणून निळी पहिलीच असेल तर आधी एक वाया घालवायची ट्यूब लावा. निळी ३-४ वेळा, पिवळी ५ वेळा आणि हिरवी, जांभळी, ग्रे ८ ते १० वेळा हळू उलट्या-सुलट्या करायच्या. ट्यूब खडखडून हलवायची नाही.

विशेष तपासण्यांत चूक बहुतेक वेळा टोचण्याआधी किंवा नंतर होते. अमोनिया आणि एसीटीएच (एक हार्मोन): बर्फाच्या पाण्यात ठेवून ताबडतोब लॅबला. लॅक्टेट: ग्रे ट्यूब, मूठ वळू द्यायची नाही, पट्टा शक्यतो नकोच. क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साकळणारी प्रथिनं): अमोनियाच्या अगदी उलट, ३७ अंशांवर गरम ठेवून न्यायचं, थंडीत टाकलं की संपलं. रेनिनही (किडनीचं एन्झाइम) बर्फात ठेवू नये. नवजात बाळाच्या बिलिरुबिनची ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडात आकडा उतरतो. लिथियम या मानसिक आजारावरच्या औषधाची पातळी मोजायची असेल तर हिरवी ट्यूब घेण्याआधी तिच्यावरचं लेबल वाचा. आत लिथियम हेपॅरिन असेल तर औषध न घेणाऱ्याच्याही रक्तात लिथियम निघेल. लिथियमचं सॅम्पल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतात, डिगॉक्सिनचं (हृदयाचं औषध) किमान ६ तासांनी, टॅक्रोलिमसचं (अवयव बदलल्यावरचं औषध) पुढच्या डोसच्या आधी आणि जांभळ्या ट्यूबमध्ये. फॉर्मवर शेवटच्या डोसची वेळ नसेल तर तो आकडा कोणाच्याच कामाचा नाही.

इंदूरमध्ये काम करणाऱ्याला सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) वेगळं शिकून घ्यावंच लागतं. झाबुआ-अलीराजपूरकडचे असे रुग्ण इथे येतात आणि सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू झाली. एचपीएलसीसाठी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीसाठी) जांभळी ट्यूब पुरते, पण गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का, हे विचारून तारीख लिहा. चढवलेलं रक्त दात्याचं असतं, त्यामुळे टक्केवारी बिघडते. या मुलांच्या शिरा टोचून टोचून दमलेल्या असतात. वेळ घ्या, हात आधी कोमट करा.

उपाशीपोटीचा प्रश्न आपल्या भाषेत फसवा आहे. ‘उपाशी आहात ना?’ विचारलं की सुदामानगरच्या काकू म्हणतात, ‘हो, आज चतुर्थीच आहे.’ उपास आहे, म्हणजे साबुदाण्याची खिचडी खाऊन झालेली आहे. म्हणून असं विचारा: ‘काल रात्री शेवटचं काय खाल्लंत, किती वाजता? सकाळपासून पोटात काय काय गेलं?’ चहाही त्यात धरा. पाणी चालतं. नावही तसंच. ‘तुम्ही जोशी ना?’ असं विचारलंत तर कमी ऐकू येणारे आजोबा हो म्हणतील. पूर्ण नाव त्यांनाच सांगू द्या आणि लेबल त्यांच्यासमोर, सॅम्पल घेतल्यावर लगेच लावा. मे महिन्यात होम कलेक्शन करत असाल तर गाडीच्या डिकीत ट्यूब तशाच ठेवू नका. आइसपॅकचा डबा वापरा, पण ट्यूब पॅकला थेट टेकू देऊ नका, गोठलेल्या पेशी फुटतात.

दारू आणि अमली पदार्थांच्या तपासणीत तुम्ही पुरावा गोळा करत असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची आहे. पोलिसांनी आणलेल्या माणसाचं रक्त नोंदणीकृत डॉक्टरांच्या जबाबदारीवर घेतलं जातं. डॉक्टर समोर नसताना, नुसत्या हवालदाराच्या सांगण्यावरून सुई उचलू नका, त्याने कितीही घाई केली तरी. स्पिरिटचा बोळा अजिबात नको. क्लोरहेक्सिडीन वापरणार असाल तर बाटली वाचा, बऱ्याच बाटल्यांत अल्कोहोल असतंच. साबण-पाण्याने किंवा पाण्यातल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसा, आणि काय वापरलं ते लिहा. ग्रे ट्यूब पूर्ण भरा, कारण वर हवा राहिली की अल्कोहोल तिच्यात उडतं, आणि झाकण पुन्हा उघडू नका. सील, सह्या, तारीख, वेळ, कोणी कोणाच्या हातात दिलं: यातली एक जागा रिकामी राहिली तरी कोर्टात सगळं सॅम्पल संशयाचं ठरतं.

कारखान्याच्या नोकरीपूर्व तपासणीत अमली पदार्थांसाठी लघवी घेतात. दिल्यापासून चार मिनिटांत तिचं तापमान ३२ ते ३८ अंशांमध्ये असायला हवं. त्याबाहेर असेल तर पाणी मिसळलंय किंवा बाहेरून आणलंय अशी शंका घ्यायला जागा आहे. संडासातलं पाणी निळं करा, नळ बंद ठेवा. १०० मिली लघवीत क्रिएटिनिन २० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर लघवी पातळ आहे.

पट्टीवर पॉझिटिव्ह आलं की तोंडातून शब्द काढू नका. ती प्राथमिक चाचणी आहे, जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या जास्त अचूक यंत्रांनी पक्की झाल्याशिवाय तिला निकाल म्हणायचं नाही. आपल्या भागात हे जास्त जपावं लागतं. दिवाळीतल्या अनारशांवरची खसखस भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिन सापडू शकतं. महाशिवरात्रीला किंवा रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) घेतलेली भांग गांजाच्याच चाचणीत दिसते, आणि रोज घेणाऱ्यात कित्येक आठवडे दिसत राहते. माणूस ‘मी गांजाला हात लावत नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंही बोलत असतो. म्हणून गेल्या काही दिवसांतलं खाणं, खोकल्याचं औषध, वेदनाशामक गोळ्या, सगळं लिहून घ्या, आणि फॉर्म बंद पाकिटात डॉक्टरांकडे द्या. बाहेर बाकावर बसलेल्या ठेकेदाराने निकाल विचारला तर त्यालाही डॉक्टरांकडेच पाठवा.