व्हीलचेअर पुळणीवर कशी न्यावी : आधी तिथी मोजा, मग माणसं जमवा

आमचं घर समुद्रापासून तीनशे पावलांवर. रात्री दारं लावली तरी गाज घरात येते. दादा एका मे महिन्यात हापूस उतरवताना झाडावरून पडला, पाठीच्या कण्याला मार बसला, आणि पुढची सहा वर्षं त्यानं समुद्र फक्त ऐकला. रस्ता होता, व्हीलचेअर होती, घरात धडधाकट माणसं होती. अडलं ते शेवटच्या पन्नास पावलांच्या भुसभुशीत वाळूपाशी.

आता महिन्यातून दोनदा तरी तो पाण्याच्या कडेला जाऊन बसतो. त्यासाठी आम्ही महागडं काही आणलेलं नाही. गुहागरच्या बाजूला पडत-झडत जे कळलं ते इथं क्रमानं लिहितो. घरातल्या कुणाला व्हीलचेअरवरून समुद्रावर न्यायचं असेल, किंवा तुम्ही होमस्टे चालवत असाल, तर उपयोगी पडावं.

1. तारीख कॅलेंडरवर नाही, तिथीवर ठरवा

कोरड्या वाळूचे कण सुटे असतात, चाक त्यात खाली जातं. ओल्या वाळूत कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, त्यामुळे ती दबून घट्ट होते आणि चाक पेलते. म्हणजे आपल्याला हवा असतो तो ओहोटीनं नुकताच उघडा पडलेला पट्टा, आणि तो कधी मिळेल हे कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ.

पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की साडेपाचला ओहोटीचा तळ. अमावास्येलाही तेच. चतुर्दशीला तळ पावणेपाचच्या आसपास येतो. संध्याकाळी जायचं तर हे दिवस सोन्यासारखे : ऊन उतरलेलं, उधाणाचे दिवस असल्यानं पाणी भरपूर मागं गेलेलं, आणि कडक वाळूचा पट्टा रुंद. सकाळी जायचं तर तृतीया-चतुर्थी बघा. तेव्हा तळ साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान मिळतो. अष्टमीच्या वाटेला जाऊ नका. भरती सहाला, म्हणजे ओहोटी नेमकी भर दुपारी बाराला, आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचं, पाणी मागं सरतंही कमी.

हा झाला अंदाज. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी मोबाइलवर किंवा छापील कोष्टकात त्या बंदराची नेमकी वेळ बघून घ्या. तळाच्या दीड तास आधी वाळूवर उतरायचं आणि तळानंतर तासाभरात परत फिरायचं. उधाणाचं पाणी एकदा चढायला लागलं की दम खात नाही.

पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवार बघून येतात आणि भर भरतीला भुसभुशीत वाळूत खुर्ची ढकलत बसतात. त्यांना म्हणावंसं वाटतं, एक दिवसाची रजा टाका पण चतुर्दशी गाठा.

2. वाट आदल्या दिवशी पायांनी तपासा

मुख्य चौपाटीची वाट सगळ्यात सोपी असतेच असं नाही. तिथं बहुतेक वेळा पायऱ्या असतात, किंवा गाड्यांनी आणि पायांनी वाळू उकरलेली असते. कोळीवाड्यात विचारा, होड्या वर कुठून ओढता? होडी जड असते, त्यामुळे तिची वाट सौम्य उताराची आणि बिनखडकाची असते. आम्हाला आमची वाट एका खलाशानं दाखवली. ती चौपाटीपासून शंभर पावलं बाजूला, सुरूच्या बनातून निघते. पऱ्या (ओढा) समुद्राला मिळतो तिथंही उतार हळू असतो, पण गावाचं सांडपाणी त्यातून येतं का ते बघून घ्या.

वाटेवर चालताना टाच दाबून बघा. बोटभरापेक्षा जास्त रुतली तर तिथं चाकाखाली प्लायचा पाटा लागणार. अशी पावलं मोजून ठेवा. आणि गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका : पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो, कुठं कुठं गुडघाभर उंचीचा वाळूचा कडा उभा राहतो, आणि पुळण पुन्हा भरायला दिवाळी उजाडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ.

दापोलीजवळच्या मुरूडला घोडागाड्या पळतात, त्यावरून तिथल्या ओल्या वाळूची कल्पना यावी. गुहागरचा किनारा लांबलचक, सरळ आणि बिनखडकाचा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र खुर्चीसाठी नाही. तिथं कड्यातल्या पायऱ्या आणि खाली खडक आहेत. वाळूत उतरायचंच नसेल तर गणपतीपुळ्याला देवळापाशीच समुद्र समोर येतो, फक्त अंगारकी टाळा.

3. एका प्लायचे तीन पाटे

8 बाय 4 फुटी, 12 मिलिमीटर जाडीची वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि सुताराकडून तिचे तीन सारखे तुकडे करून आणा. प्रत्येक तुकडा 4 फूट लांब आणि 32 इंच रुंद होतो. साधी व्हीलचेअर 25-26 इंच रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना जरा जागा उरते. वजन सात किलोच्या आसपास. कडेला भोक पाडून सुंभाचा कान बांधला की पाटा ओढत नेता येतो.

एक पाटा खुर्चीखाली, एक पुढं, तिसरा मागून उचलून परत पुढं. पुढच्या पाट्याची कड आधीच्या पाट्याखाली चार बोटं सरकवायची, कौलं बसवतात तशी, म्हणजे चाकाला ठेच लागत नाही. पन्नास पावलांना आम्हाला दहा-बारा मिनिटं लागतात. ओली वाळू लागली की पाटे तिथंच ठेवून द्यायचे.

नारळाच्या झावळ्यांचे झापही आम्ही अंथरून पाहिले. चालणाऱ्या माणसाला उत्तम, पण चाकाखाली ते गोळा होतात.

खुर्ची शक्यतो जुनी न्या. हवेचे टायर असतील तर हवा थोडी कमी करा. पसरट टायर कमी रुततो. बॅटरीवरची खुर्ची मात्र रस्त्यावरच राहू द्या, खाऱ्या पाण्याशी तिचं जमत नाही.

4. पाठ समुद्राकडं

पहिल्या दिवशी मी उत्साहात खुर्ची सरळ पुढं ढकलली. पुढची दोन छोटी चाकं वाळूत शिरली, खुर्ची जागच्या जागी थांबली, आणि दादा मात्र थांबला नाही. तो तोंडावर वाळूत. आम्ही धावलो तर तो दातांतली वाळू थुंकत म्हणाला, "चला, एवढं तरी जवळ आलो!"

तेव्हापासून खुर्ची उलटी नेतो. मागचा माणूस मुठी धरून खुर्ची आपल्याकडं किंचित कलती करतो, त्यानं छोटी चाकं उचलली जातात, आणि तो उलट्या पावलांनी ओढत नेतो. दुसरा समोरून खुर्चीची मुख्य नळी धरतो. पाय ठेवायची पट्टी धरायची नाही, ती निसटते. तिसरा पाट्यांना. तीन माणसं लागतातच. दोघांत हा उद्योग करू नका. बसलेल्या माणसाला कमरेशी रुंद कापडानं सैलसर बांधा. आम्ही जुन्या नऊवारीची चौपदरी पट्टी करतो आणि सुटगाठ मारतो.

गंमत अशी, की त्यामुळे दादा समुद्राकडं पाठ करून जातो. घर, माड, सुरूचं बन लांब जाताना बघत राहतो. ओल्या वाळूवर पोचलो की आम्ही खुर्ची वळवतो. त्याआधी मान वळवून बघायचं नाही हा त्याचा स्वतःचा नियम.

पाण्याजवळ तीन गोष्टी. कमरेची पट्टी सोडायची, कारण खुर्ची उलटली तर माणूस तिला बांधलेला नको. घोट्याच्या वर पाणी येईल तिथं खुर्ची न्यायची नाही. आणि ब्रेकवर विसंबायचं नाही : परतणारी लाट चाकाखालची वाळू ओढून नेते, तीन-चार लाटांत चाक बोटभर खाली जातं आणि खुर्ची एका अंगाला कलते. एकानं मूठ धरून उभंच राहायचं, आणि दर थोड्या वेळानं जागा बदलायची.

5. जे शरीर सांगत नाही ते डोळ्यांनी बघा

दादाला कमरेखाली संवेदना नाही. एका संध्याकाळी अनवाणी पाय वाळूत टेकवून तो तासभर बसला. रात्री वहिनीला चादरीवर रक्त दिसलं. टाचेत कालवाची शिंप घुसलेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. तेव्हापासून मोजे आणि बंद बूट, आणि परत आल्यावर पावलं, टाचा, बैठक दिव्याखाली नीट बघायची. उन्हात तापलेल्या लोखंडी पट्टीनंही असाच नकळत भाजण्याचा धोका असतो, तिच्यावर ओला पंचा टाका. खुर्चीत गादी हवीच, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी अंग उचलून बैठकीवरचा भार हलवायचा.

मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर त्याखाली घामही येत नाही, शरीर तापतं आणि उतरत नाही. ओला पंचा मानेला, टोपी, सावली. लघवीची पिशवी निघतानाच रिकामी करा, पण त्या भीतीनं पाणी पिणं कमी करू नका. अशा माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, तर आधी ताठ बसवा आणि लघवीची नळी कुठं मुडपली आहे का ते बघा. तरी उतरलं नाही तर थेट दवाखाना.

ज्याला दिसत नाही त्याला हात धरून ओढू नका, तुमचं कोपर धरू द्या, आणि ओल्या-कोरड्या वाळूची सीमा तळपायानं ओळखू द्या. माझ्या मते पुळण त्यांच्याइतकी कुणालाच कळत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला जीवरक्षकाची शिट्टी कळणार नाही, म्हणून आधी हाताची खूण ठरवा. गर्दीनं बावरणारं मूल असेल तर मधल्या वारी, सकाळी.

6. होमस्टेला फोन करताना

"सोय आहे का?" असं विचारू नका. कोकणात उत्तर एकच : "हो, या की, चार माणसं उचलतील!" मनापासूनच म्हणतात, पण परक्या चौघांनी दिवसातून सहा वेळा उचलणं ही काही सोय नव्हे. संडासाच्या दाराचा फोटो मागा, चौकटीला मोजायची टेप लावलेला. कमोड आहे का, आणि आत जाताना पायरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दार दोन इंचांनी अडत असेल तर मालकाला फळी काढून पडदा लावायला सांगा. बिजागरीवरचं दार जी जागा खातं ती मोकळी होते.

मालकांसाठी : रॅम्पचं प्रमाण एकास बारा. आपल्या घरांचं जोतं दीड फूट असेल तर रॅम्प 18 फूट लांब हवा. सहा फुटांत बसवलात तर ती घसरगुंडी झाली. जागा नसेल तर अंगणातून वळवून घ्या. जांभ्याचे चिरे रचून करता येतो, पण वरचा थर खरखरीत ठेवा; गुळगुळीत शहाबादी पावसात शेवाळते.

होडीचं गणित उलटं. खाडीत फिरायला भरतीला जा, तेव्हा होडी जेटीच्या बरोबरीला येते. ओहोटीला ती खाली जाते आणि पायऱ्या बुळबुळीत असतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत गाडी जाते, माणसानं गाडीतून उतरायची गरज नाही. जंजिऱ्याला मात्र आजवर हलत्या होडीतून पायरीवर उतरावं लागत आलंय, जाण्याआधी विचारून घ्या.

7. ग्रामपंचायतीत अर्ज

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीचाही हक्क आहे. (सरकारी कागदावर दिव्यांग, दादाला तो शब्द ऐकला की हसू येतं.) महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. कायमचं बांधकाम मागू नका. किनाऱ्यावर सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांची) परवानगी लागते, आणि समुद्र ऐकत नाही : चेन्नईच्या मरीनावर नोव्हेंबर 2022 मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी मार्ग खुला झाला आणि दोन आठवड्यांत चक्रीवादळानं त्याची मोडतोड केली. गुंडाळून ठेवता येतील अशा पट्ट्या, एक जुनी खुर्ची, संडासात दोन आडवे दांडे, एवढं मागा. ग्रामसभेत मागा, लेखी मागा, पोच घ्या.

8. परत आल्यावर

कितीही दमलात तरी खुर्ची त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुवा, आधी छोटी चाकं, मग मोठ्या चाकांचे आस. वाळू पाण्यानं काढा, फडक्यानं घासू नका. रात्रभर पडवीत उलटी ठेवा आणि सकाळी आसांना तेल द्या. पाटेही धुऊन उभे वाळवा. दोन दिवसांनी चाक हातानं फिरवून कान द्या : करकर आवाज आला तर आत वाळू राहिली आहे, सायकलवाल्याकडून चाक उघडून घ्या.